ल्युकेमियाच्या पेशींवर औषध टेस्ट करताय? मग प्लेट लावायच्या आधी हे वाचा

एमएस्सीच्या डिझर्टेशनचे दिवस आले की गोवा विद्यापीठाच्या पठारावरून, झुआरीनगरहून, फोंडा-म्हापशाच्या पोरांकडून एकच प्रश्न येतो, ताई के५६२ वर (लॅबमध्ये वाढवलेल्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी) औषध टाकून आयसी५० (रीडिंग निम्मं करणारा डोस) काढायचाय, प्रोटोकॉल पाठव ना. प्रोटोकॉल काय, कुठल्याही किटच्या डब्यात असतो. आकडा पण येतो, सॉफ्टवेअर काहीही टाकलं तरी आकडा देतंच. खरी गडबड पुढे होते, कारण एमटीटीचा (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात ते रसायन) जांभळा रंग फिका पडला की लगेच थिसिसमध्ये वाक्य पडतं "८७ टक्के पेशी मेल्या", आणि व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारतो की मेल्या हे कशावरून, तेव्हा सगळे गाइडच्या तोंडाकडे बघतात.

औषध दिल्यावर ल्युकेमियाच्या पेशीचं तीनातलं काहीतरी एक होतं: ती मरते, किंवा जिवंत राहून विभाजन थांबवते, किंवा बदलून जरा मोठी, शहाणी पेशी बनते ज्याला डिफरन्शिएशन म्हणतात. तिन्हीत एमटीटी कमीच दिसतो. म्हणून कुठली पेशी, कुठलं औषध, किती तास आणि कुठली टेस्ट, या चार गोष्टी एकत्र बसून ठरवायच्या. बाकी सगळं लिहितेय ते त्याच्याभोवती.

पेशी कुठली घ्यायची

लॅबच्या नायट्रोजन टाकीत जी पडलीय ती, हे उत्तर बहुतेक वेळा खरं असलं तरी बरोबर नाही. के५६२ ही १९७० च्या दशकात ५३ वर्षांच्या एका बाईच्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातून आली, ब्लास्ट क्रायसिसमधली (आजाराची शेवटची, उग्र अवस्था), आणि तिच्यात बीसीआर-एबीएल आहे. म्हणजे १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्डनी जो आखूड क्रोमोसोम पाहिला, आणि १९७३ मध्ये जॅनेट राउलीनी दाखवलं की तो ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोममधल्या अदलाबदलीतून होतो, त्यातून तयार होणारं प्रोटीन. इमॅटिनिब त्यालाच धरतं, २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. तेव्हा इमॅटिनिब करायचं तर के५६२ पाहिजेच, पण एकटी नको, सोबत बीसीआर-एबीएल नसलेली एखादी लाइन पाहिजे, जुरकट किंवा एचएल-६०. के५६२ मायक्रोमोलरच्याही खाली खचते आणि जुरकट त्याच डोसला मजेत वाढत राहते, तेव्हाच म्हणता येतं की औषध टार्गेटमुळे काम करतंय. दोन्ही सारख्याच खचल्या तर तुमचा डोस विष झालाय किंवा स्टॉक चुकलाय.

एचएल-६० ही अॅक्यूट मायलॉइडची, डिफरन्शिएशन बघायला उत्तम. जुरकट आणि मोल्ट-४ टी-सेलच्या. एनबी४ मध्ये १५ आणि १७ ची अदलाबदल आहे, म्हणजे खरी प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची, एट्रा (अ जीवनसत्त्वापासूनचं औषध) आणि आर्सेनिकचं काम करायचं तर तीच खरी. एक लक्षात ठेवा, एचएल-६० आणि के५६२ दोघींमध्ये पी५३ (बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रोटीन) चालू नाही, त्यामुळे "आमचं औषध पी५३ वाढवून पेशी मारतं" असं या दोघींवरून लिहू नका. लिहिलेलं वाचलंय मी, म्हणून सांगतेय.

पेशी पुण्याच्या एनसीसीएसकडून घ्या, तिथे राष्ट्रीय सेल रिपॉझिटरी आहे. शेजारच्या लॅबमधल्या मित्राकडून फ्लास्क आणला तर फुकट पडतो खरा, पण त्याचा पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्यात तो आकडा) कोणालाच ठाऊक नसतो आणि मायकोप्लाझ्मा (एक अगदी बारीक जीवाणू) सोबत फुकट येतो. आणलाच तर एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनएवरून ओळख) करून घ्या, नाहीतर के५६२ म्हणून दोन वर्षं भलतंच काही वाढवत बसाल.

औषधांचे स्वभाव

सायटाराबिन फक्त डीएनए बनवत असलेल्या, म्हणजे एस फेजमधल्या पेशीला धरतं. २४ तासांत बंद केलं तर काही पेशी त्याच्या तावडीत आलेल्याच नसतात, ४८-७२ तास द्या. डाऊनोरुबिसिन डीएनएच्या मधे घुसतं, टोपोआयसोमरेज-२ ला अडकवतं, काम लवकर दाखवतं, आणि रंगाने लालभडक नारिंगी असतं, हा रंग पुढे त्रास देणार आहे. हॉस्पिटलात अॅक्यूट मायलॉइडला ही दोन्ही एकत्र देतात, सायटाराबिन सात दिवस आणि डाऊनोरुबिसिन तीन दिवस, त्यालाच ७+३ म्हणतात.

मेथोट्रेक्सेट प्लेटमध्ये कधी कधी अगदीच मवाळ वाटतं, त्यात औषधाचा दोष नसतो. आरपीएमआय-१६४० मध्ये लिटरला १ मिलिग्रॅम फोलिक अॅसिड असतं, रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट जास्त, वर सीरममधून थायमिडिन येतं, मग फोलेट अडवणारं औषध करणार काय. या फोलेट अडवण्याच्या कल्पनेचीच सुरुवात बघा, १९४८ मध्ये सिडनी फार्बरनी बॉस्टनमध्ये ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचं छापलं, आणि ते औषध लेडर्ले कंपनीत बनवणाऱ्या टीमच्या डोक्याशी आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्यांचं नाव एमएस्सी होईपर्यंत बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसतं.

अॅस्पॅराजिनेज हे एन्झाइम आहे, ते डीएमएसओमध्ये (औषधं विरघळवायचं द्रावक) टाकू नका रे बाबा. आणि व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून येतं, ती जी तुमच्या अंगणात तुळशी वृंदावनाच्या बाजूला आपोआप उगवते तीच. ते मायक्रोट्यूब्यूल अडकवतं, पेशी विभाजनाच्या मधेच अडकून पडते, मायक्रोस्कोपखाली फुगलेल्या दिसतात. यावर घरचे हमखास विचारतात की मग पानं उकळून प्यायली तर? नको. पानात व्हिन्क्रिस्टिन अगदी नखाएवढं असतं, सोबत इतर अल्कलॉइड भरमसाठ, आणि खुद्द व्हिन्क्रिस्टिनचा डोस थोडा जरी वर गेला तरी नसा धरतात. प्लेटमधल्या रिझल्टवरून कोणाला काही खायला-प्यायला सांगायचं नाही, एवढं घरी पण सांगून ठेवा.

पेशी नीट ठेवा, गोव्यात जरा जास्तच नीट

या सगळ्या तरंगणाऱ्या पेशी, ट्रिप्सिनची भानगड नाही, म्हणून सोप्या वाटतात आणि म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आरपीएमआयमध्ये १० टक्के एफबीएस (वासराचं सीरम), आणि घनता मिलीला १ लाख ते १० लाखांच्या मधे. याच्यावर गेली की पेशी उपाशी आणि सुस्त होतात, आणि सुस्त पेशीवर सायटाराबिन चालत नाही, मग तुम्ही म्हणणार रेझिस्टन्स आला. प्रयोगाच्या आदल्या दिवशी पातळ करून ताज्या मीडियात टाका म्हणजे सगळ्या जोमात वाढत्या असतील. ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींनाच निळं करणारा रंग) ९५ टक्क्यांच्या खाली जिवंत दिसल्या तर त्या दिवशी प्लेट लावू नका, चहा प्या, परत पातळ करा.

आता पावसाळा. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की कुठेतरी माड वायरवर पडतो आणि लाइट जाते, इन्क्युबेटर यूपीएसवर नसेल तर तापमानाचा आलेख सापशिडीसारखा होतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे बुरशी. भिंतीला ओल, एसीच्या फिल्टरला काळपट थर, आणि त्यात कोणीतरी कुरियरचा पुठ्ठ्याचा खोका थेट कल्चर रूममध्ये आणून ठेवतो. पुठ्ठा म्हणजे बुरशीचं घर, खोके बाहेरच फोडायचे, आतल्या पिशवीला ७० टक्के इथेनॉल मारून मगच आत. इन्क्युबेटरमधलं पाणी आठवड्याला बदला, निर्जंतुक पाणीच घाला. आणि फ्लास्कमध्ये पांढरा कापूस तरंगताना दिसला की अँटिफंगल टाकून वाचवत बसू नका, ब्लीच घाला आणि नवीन व्हायल काढा. जीव तोडून वाचवलेल्या पेशींवरचा डेटा कोण विश्वासाने घेणार.

मायकोप्लाझ्मा तर दिसतही नाही. मीडिया गढूळ होत नाही, पेनिसिलिनला तो दाद देत नाही कारण त्याला सेल वॉलच नाही, नेहमीच्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. आणि तो एमटीटी स्वतःच रिड्यूस करू शकतो, म्हणजे पेशी मेल्या तरी रंग येणार. महिन्यातून एकदा पीसीआर करा, नाहीच जमलं तर निदान हेक्स्ट डाय लावून न्यूक्लियसच्या बाहेर ठिपके दिसतात का ते बघा.

चवथीचं (गणेश चतुर्थीचं) वेगळं सांगते, कारण तेव्हा लॅब खरंच ओस पडते, सगळे गावी. के५६२ साधारण २४ तासांत दुप्पट होतात. मिलीला १ लाख ठेवून पाच दिवस माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायला गेलात तर हिशेबाने ३२ लाख व्हायला पाहिजेत, तेवढ्या होणारच नाहीत, त्याआधीच मीडिया पिवळा होऊन निम्म्या मरतील. वॉचमनला फ्लास्क बघायला सांगू नका. आधीच फ्रीझ करा: १० टक्के डीएमएसओ, बाकी सीरम किंवा मीडिया-सीरम, मिनिटाला एक डिग्रीच्या वेगाने उणे ८० पर्यंत, दुसऱ्या दिवशी नायट्रोजनमध्ये. काढताना उलटं, ३७ डिग्रीच्या पाण्यात झटपट, मग मीडियाने धुऊन डीएमएसओ काढून टाका, आणि पुढचे दोन-तीन पॅसेज प्रयोग नाही. या हिशेबाने चवथीनंतर प्लेट लावायला किमान आठवडा जातो, गाइडला आधीच सांगा.

औषधाचा स्टॉक

इथे कॅल्क्युलेशन चुकतं. इमॅटिनिबचं मॉलिक्युलर वेट ४९३.६, पण बाटलीत असतं इमॅटिनिब मेसिलेट, त्याचं ५८९.७. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. मेसिलेट असेल तर १० मिलिमोलरचा स्टॉक म्हणजे १ मिलीत ५.९ मिलिग्रॅम. ४.९ टाकलात तर सगळे डोस सोळा-सतरा टक्क्यांनी कमी, आणि तुमचा आयसी५० दुसऱ्यांशी जुळत नाही म्हणून रडत बसाल. छोटे छोटे भाग करून उणे २० ला ठेवा, एक ट्यूब एकदाच वितळवायची. डाऊनोरुबिसिन आणि एट्रा उजेडात खराब होतात, फॉइल गुंडाळा, हुडचा दिवा पण बारीक ठेवा.

सगळंच डीएमएसओमध्ये विरघळवायची सवय चांगली नाही. सिस्प्लॅटिन डीएमएसओशी रिअॅक्शन करून निकामी होतं, ते सलाइनमध्येच. आणि एचएल-६० वर काम करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा: सव्वा टक्के डीएमएसओ दिला की एचएल-६० काही दिवसांत आपोआप ग्रॅन्युलोसाइटसारखी बनते. हा तिला डिफरन्शिएट करायचा नेहमीचा उपायच आहे. म्हणजे तुमच्या सगळ्यात वरच्या डोसला डीएमएसओ १ टक्का होत असेल तर परिणाम औषधाचा की डीएमएसओचा हे देव जाणे. शेवटचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि सगळ्या वेलमध्ये (प्लेटमधले छोटे खड्डे) सारखंच ठेवा, कंट्रोलमध्ये सुद्धा.

ते सारखं कसं ठेवायचं? १० मिलिमोलर स्टॉक ५०० पट पातळ केला की २० मायक्रोमोलर होतो आणि डीएमएसओ ०.२ टक्के. हा तुमचा दुप्पट डोस. पुढची सगळी डायल्युशन साध्या मीडियात न करता ०.२ टक्के डीएमएसओ घातलेल्या मीडियात करा, कंट्रोलला तोच मीडिया. पेशींच्या १०० मायक्रोलिटरमध्ये हे १०० मायक्रोलिटर टाकलं की डोस १० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ सगळीकडे ०.१. पुढे ३, १, ०.३, ०.१, ०.०३, ०.०१ असे अर्ध्या लॉगने उतरा. १०, २०, ३०, ४०, ५० असे सरळ डोस घेतात ना, त्यातून वक्र कधीच नीट येत नाही, सगळे बिंदू एका टोकाला चिकटतात.

प्लेट

मोजणी आधी. हिमोसायटोमीटरच्या चार कोपऱ्यांची सरासरी गुणिले २ (ट्रिपॅन ब्लूचं पातळ होणं) गुणिले १०,०००. सरासरी ४५ आली तर मिलीला ९ लाख. वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमागे १०,००० पेशी पाहिजेत म्हणजे मिलीला १ लाख, ६० वेलला ६ मिली लागेल, ८ मिली बनवा: ०.९ मिली कल्चर आणि ७.१ मिली ताजा मीडिया. पेशी खाली बसतात, म्हणून मल्टिचॅनलने भरताना दर ओळीला रिझर्व्हॉयर हलवा, नाहीतर पहिल्या ओळीत कमी आणि शेवटच्या ओळीत गर्दी, मग एरर बार बघून गाइड भुवया वर करतो.

कडेचे ३६ वेल रिकामे ठेवा, म्हणजे पेशी नकोत, पीबीएस (मिठाचं बफर) भरा. कडेचं पाणी उडतं, तिथला आकडा खोटा येतो. ३६ वेल फुकट जातात म्हणून जीव तुटतो माहितीय, तरी.

आणि आता ती गोष्ट जी जवळजवळ कोणी करत नाही. एक जास्तीची छोटी प्लेट लावा, औषध टाकायच्या क्षणीच ती वाचा. शून्य तासाची प्लेट. समजा ब्लँक वजा करून शून्य तासाला ०.१५ आलं, ७२ तासांनी कंट्रोल १.२०, म्हणजे पेशी आठपट झाल्या, तीन वेळा दुप्पट. औषधाच्या वेलमध्ये ०.१५. नेहमीच्या पद्धतीने ०.१५ भागिले १.२० म्हणजे साडेबारा टक्के, आणि सगळे लिहितात साडेसत्त्याऐंशी टक्के मेल्या. पण बघा ना, जेवढ्या टाकल्या तेवढ्याच आहेत! कदाचित एकही मेली नसेल, नुसत्या थांबल्या असतील. ०.०५ आलं असतं तर मात्र सुरुवातीपेक्षा कमी, तिथे मरण नक्की. अमेरिकेच्या एनसीआय-६० स्क्रीनमध्ये हाच हिशेब वापरतात, वाढ निम्मी करणारा डोस वेगळा, पूर्ण थांबवणारा वेगळा, आणि मारणारा वेगळा. त्या पॅनेलमध्ये के५६२, एचएल-६० आणि मोल्ट-४ पण आहेत. एक प्लेट आणि तासाभराचं काम, आणि डिझर्टेशनची किंमत दुप्पट होते.

एमटीटी स्वतः सोपा. ५ मिलिग्रॅम मिलीचा स्टॉक, वेलला २० मायक्रोलिटर, तीन-चार तास, जांभळे क्रिस्टल, विरघळवा, ५७० ला वाचा. फक्त या पेशी चिकटलेल्या नसतात, म्हणून मीडिया ओतून टाकला की पेशीही सिंकमध्ये, क्रिस्टलही. हे चिकटणाऱ्या पेशींचे प्रोटोकॉल आंधळेपणाने उचलल्याने होतं. प्लेट आधी ३०० जी ला स्पिन करा आणि हळूच वरचं काढा, किंवा सेंट्रिफ्यूजला प्लेटची बकेट नसेल तर काहीही न काढता वरून ०.०१ मोलर एचसीएलमधलं १० टक्के एसडीएस १०० मायक्रोलिटर टाका आणि रात्रभर ३७ ला ठेवा. पैसे असतील तर सीसीके-८ (एमटीटीसारखंच दुसरं किट), त्यात विरघळवायचं कामच नाही.

भिरंडवाल्यांसाठी

गोव्यात निम्मे प्रोजेक्ट झाडपाल्यावर असतात, आणि त्यात भिरंडीच्या (कोकमाच्या) सोलांचा अर्क आवडीचा, गार्सिनॉल आहे त्यात. काही हरकत नाही, चांगला विषय आहे. पण असे पॉलीफिनॉल एमटीटीला स्वतःच रिड्यूस करतात, पेशींची गरजच नाही. वेलमध्ये नुसता मीडिया आणि अर्क टाका, एमटीटी टाका, बघा जांभळं होतं की नाही. झालं तर तुमच्या अर्काने पेशी "वाढल्या" असं जे दिसतंय ते कळलं कशामुळे. सोलांचा लाल रंग वेगळाच, त्याचा ब्लँक प्रत्येक डोसला वेगळा घ्यायचा, एकच ब्लँक सगळ्यांना चालत नाही. कर्क्युमिनवाल्यांनाही हेच, वर ते मीडियात टिकत नाही आणि स्वतः चमकतं, त्यामुळे फ्लोमध्ये (एकेका पेशीची चमक मोजणारं मशीन) गोंधळ. आणि अर्काचा पीएच बघा, कोकम आंबटच, मीडिया पिवळा झाला तर पेशी आंबटपणाने गेल्या, गार्सिनॉलचा काय संबंध. अशा वेळी एमटीटीवर न थांबता ट्रिपॅन ब्लूने हाताने मोजा, कंटाळवाणं आहे पण रंग त्याला फसवत नाही.

मेली, थांबली की बदलली

मेली का, यासाठी अॅनेक्सिन-पीआय (पीआय म्हणजे फुटलेल्या पेशीत शिरून डीएनएला लागणारा डाय). मरायला निघालेली पेशी आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर काढते, अॅनेक्सिन त्याला चिकटतं, पण कॅल्शियम असेल तरच. म्हणून बाइंडिंग बफरच वापरा, ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) अजिबात नको. फक्त अॅनेक्सिन लागलं तर सुरुवात, दोन्ही लागले तर उशिरा, आणि उशिराच्या पेशी अपॉप्टोसिसने (पेशीचं ठरवून, आतून मरणं) गेल्या की नुसत्या फुटल्या हे त्या एका फोटोवरून कळत नाही. म्हणून ६, १२, २४, ४८ तास असं घ्या, आधी एका कप्प्यात आणि मग दुसऱ्यात सरकताना दिसल्या तर मग लिहा. डाय लावल्यावर तासाभरात मशीनवर न्या. फ्लो दुसऱ्या इन्स्टिट्यूटमध्ये असेल तर पेशी तिथे नेऊन तिथेच डाय लावा, रंगवलेल्या ट्यूब घेऊन कदंबा बसमध्ये बसू नका.

डाऊनोरुबिसिनवाल्यांची इथे फजिती होते, ते स्वतःच नारिंगी चमकतं, नेमकं पीआयच्या खिडकीत. औषध दिलेली पण डाय न लावलेली ट्यूब ठेवली नाही तर तुम्ही औषध मोजून पेशी मेल्या म्हणाल. मशीनला व्हायोलेट लेझर असेल तर पीआयऐवजी डॅपी घ्या.

थांबली का, यासाठी सेल सायकल. ७० टक्के थंड इथेनॉल, थेंब थेंब, व्हॉर्टेक्स चालू ठेवून, एकदम ओतलं की पेशींचा लगदा. आरएनेज विसरू नका, पीआय आरएनएलाही लागतं. व्हिन्क्रिस्टिनला जी२-एम मध्ये (विभाजनाच्या टप्प्यात) ढीग, सायटाराबिनला एस मध्ये, के५६२ ला इमॅटिनिब दिलं तर आधी जी१ मध्ये (डीएनए बनवायच्या आधीचा टप्पा) गर्दी आणि मग सब-जी१ (डीएनए तुटलेल्या, मेलेल्या पेशी) वाढत जातो. के५६२ मरायला वेळ लावते, २४ तासांत अॅनेक्सिन फारसं आलं नाही म्हणून औषध फेकून देऊ नका. वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीनचे पट्टे दाखवणारी टेस्ट) जमत असेल तर पार्प हे प्रोटीन बघा, ११६ किलोडाल्टनचा पट्टा तुटून ८९ ला येतो, आणि इमॅटिनिबसाठी फॉस्फो-क्रकएल (बीसीआर-एबीएल चालू असल्याची खूण), टार्गेट बंद झालं की तो काही तासांतच उतरतो, पेशी मरायच्या कितीतरी आधी.

बदलली का, हे एचएल-६० वर एट्रा १ मायक्रोमोलर देऊन चार-पाच दिवस ठेवलं की बघायला मिळतं. सीडी११बी (मोठ्या झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावरची खूण) फ्लोवर, किंवा एनबीटी टेस्ट, ज्याला मायक्रोस्कोपशिवाय काही लागत नाही: पेशींना पीएमए (चेतवणारं रसायन) आणि एनबीटी (रंग) देऊन अर्धा तास ठेवा, मोठ्या झालेल्या पेशींच्या आत निळे-काळे कण दिसतात, न बदललेल्या साध्या गोल राहतात. दोनशे पेशी मोजा. पहिल्यांदा बघाल तेव्हा मजा वाटेल, इतका वेळ नुसते वेलचे आकडे बघितलेले असतात आणि इथे पेशीच्या पोटात शाई भरलेली. अशा पेशी वाढायच्या थांबलेल्या असतात, म्हणून एमटीटी त्यांना मेलेल्यात धरतो.

नॉर्मल पेशींचा कंट्रोल

"आमचं औषध फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, नॉर्मल पीबीएमसीना काही होत नाही." हे वाक्य दर दुसऱ्या थिसिसमध्ये (पीबीएमसी म्हणजे रक्तातल्या नॉर्मल पांढऱ्या पेशी). अहो, पीबीएमसी प्लेटमध्ये विभाजनच करत नाहीत, मग विभाजन अडवणारं औषध त्यांना काय करणार? सायटाराबिन पण असंच "सिलेक्टिव्ह" दिसेल, आणि ते घेणाऱ्या पेशंटचे काउंट कसे खाली येतात ते गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) वॉर्डात कोणीही सांगेल. पीएचए देऊन वाढायला लावलेल्या पीबीएमसी पण सोबत ठेवा, मग बोला. रक्त मित्राचं असलं तरी एथिक्स कमिटीची परवानगी आणि सही केलेला कन्सेंट लागतो, आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्स आहेत, डिझर्टेशनच्या सुरुवातीलाच अर्ज टाका, मीटिंग कधी होईल याचा भरवसा नसतो.

आकडे

एकाच दिवशीचे तीन वेल म्हणजे एन बरोबर तीन नाही. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशी, औषध ताजं पातळ केलेलं, तेव्हा तीन. डोस लॉगमध्ये टाका, चार पॅरामीटरचा वक्र बसवा, आणि वक्र ५० टक्क्यांच्या खाली गेलाच नसेल तर आयसी५० लिहू नका, "१० मायक्रोमोलरपेक्षा जास्त" एवढंच लिहा. दोन औषधं एकत्र करायची तर चाऊ-तलालयचा कॉम्बिनेशन इंडेक्स, १ च्या खाली म्हणजे सिनर्जी (दोघांचा मिळून बेरजेपेक्षा जास्त परिणाम), पण त्यासाठी दोन्हींचे एकेकटे वक्र आधी स्वच्छ पाहिजेत, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

मिळालेला डोस माणसाच्या रक्तात शक्य आहे का ते पण ताडून बघा. रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब घेणाऱ्याच्या रक्तात पुढच्या गोळीच्या आधी मिलीला साधारण १,००० नॅनोग्रॅम उरतं, म्हणजे २ मायक्रोमोलर, त्यातलं ९५ टक्के प्रोटीनला चिकटलेलं. तुमच्या मीडियात सीरम १० टक्केच, म्हणजे मोकळं औषध जास्त, हे धरून चला. तुमच्या अर्काचा परिणाम मिलीला ५०० मायक्रोग्रॅमला दिसत असेल तर प्रामाणिकपणे कमकुवत म्हणा. एवढं घट्ट टाकल्यावर कुठलाही अर्क काहीतरी करतोच.

कचरा

क्लास २ हूड, दोन ग्लोव्ह, आणि औषधाची पावडर वजन करताना पंखा बंद. नुसत्या पेशींचा मीडिया ब्लीचमध्ये अर्धा तास, पण औषधाचे टिप्स, प्लेट, उरलेला स्टॉक ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, त्याने औषध मरेलच असं नाही, वाफ मात्र नाकात जाईल. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांप्रमाणे सायटोटॉक्सिक कचरा पिवळ्यात, वेगळं लेबल लावून, आणि तो १,२०० डिग्रीच्या वर जाळायला जातो. तुमच्या कॉलेजची पिशवी कोण नेतं आणि कुठल्या वारी नेतं ते पहिली प्लेट लावायच्या आधी स्टोअरवाल्याला विचारून घ्या. आणि नोटबुकमध्ये दर प्लेटच्या वर पॅसेज नंबर, औषधाचा लॉट, सीरमचा लॉट आणि मायकोप्लाझ्माची शेवटची तारीख लिहा, एक्स्टर्नल पहिलं तेच विचारतो.